अगदी हेच

वायंडरला गल्लीत 'वकील' म्हणत, आणि त्यात कौतुक फारसं नव्हतं.

जळालेली मोटार भरून देणं हा त्याचा धंदा. पंप असो, पंखा असो, गिरणीची मोटार असो, आधी जळकी तार उपसून काढायची, खाचा खरवडून साफ करायच्या, त्यात कागद घालायचा, मग नवी तांब्याची तार वेढ्याला वेढा लावून बसवायची आणि वरून व्हार्निश ओतून वाळवायची. काम निगुतीचं. ज्याला ते करायचं त्याने तोंड मिटून करावं असं. पण तोंड मिटून बसणं या माणसाच्या पत्रिकेत नव्हतं. गिऱ्हाईक सहज म्हणालं, की आताचं सरकार बरं आहे, तर हा म्हणायचा, "बरं आहे, मान्य. आता बरं का नाही तेही ऐका." दुसरं गिऱ्हाईक म्हणालं, सरकार वाईट, तर हा बरं कसं आहे ते सांगायला बसायचा. शेवटी शेजारचा वेल्डर एकदा पत्र्यापलीकडून ओरडला, "अहो, त्याच्याकडे मोटार टाका आणि पळा. वकील आहे तो. दोन्ही पक्षकारांकडून फी घेतो." तेव्हापासून वकील.

पुलाच्या भिंतीला पाठ लावून पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ होती, तीच गल्ली. एका टोकाला रेडिएटरवाला, दुसऱ्या टोकाला चहाची टपरी, आणि मध्ये वायंडर आणि वेल्डर, एकाच पत्र्याच्या दोन बाजूंना. त्या पत्र्याला हात जाईल एवढं भोक होतं. ते वेल्डरनेच पाडलेलं. दिवसातून कितीतरी वेळा त्यातून त्याचा काळा हात आत यायचा, चाचपडत वायंडरची पक्कड शोधायचा आणि घेऊन जायचा. विचारणं नाही, सांगणं नाही. पक्कड परत येणं तर नाहीच. वायंडर हातातलं काम टाकून, शिव्या घालत, पलीकडे जाऊन ती घेऊन यायचा. जाताना चार वाक्यं राजकारणावर बोलून यायचा. तिसऱ्या वाक्याला वेल्डर तोंडावर काच ओढून ठिणग्या उडवायला लागायचा. ही त्यांची मैत्री होती, आणि ती वर्षानुवर्षं बिनतक्रार चालली होती.

तरी वायंडरच्या मनात एक सल होता. आपलं वाक्य आजवर कुणी पुरं होऊ दिलेलं नाही, हा तो सल.

ते वाक्य पुरं ऐकून घेणारं माणूस त्याला एका पंपापायी भेटलं. एका इमारतीचा पंप भरून तो बसवायला गेला होता, आणि तिथे राहणाऱ्या एक निवृत्त प्राध्यापिका जवळ उभ्या होत्या. सगळे त्यांना बाई म्हणत. बाई राज्यशास्त्र शिकवायच्या. नट आवळता आवळता हा निवडणुकीवर बोलायला लागला आणि बाई ऐकत राहिल्या. मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत. त्याचं संपल्यावर म्हणाल्या, "तुमचं म्हणणं मला असं समजलं," आणि त्याचंच सगळं त्याला परत सांगितलं, त्याच्यापेक्षा नेटकं. पाना हातात धरून तो तसाच उभा राहिला. घरी गेल्यावर बायकोला त्याने हे दोनदा सांगितलं.

बाईंनी त्याला आपल्या समूहात घेतलं. फोनवरच्या त्या समूहाचं नाव 'दोन्ही बाजू'. त्यात डॉक्टर होते, खरेखुरे वकील होते, बँकेतले साहेब होते. या पक्षाचे, त्या पक्षाचे आणि कुठल्याच नसलेले. बाकी फोनवर लोक राजकारणावरून एकमेकांची आई-बहीण काढत असताना इथे कुणी चढ्या आवाजात लिहीत नसे, आणि त्याला कारण समूहाची पद्धत होती. विरोध करायचा असेल तर आधी समोरच्याची बाजू आपल्या शब्दांत मांडायची, इतकी चांगली, की समोरच्याने खाली लिहावं, 'अगदी हेच.' हे दोन शब्द येईपर्यंत स्वतःची बाजू काढायची नाही. आणि गंमत अशी, की बहुतेक वेळा तिथवर पोचेपर्यंत माणसाचा राग निवलेला असे, आणि मग दोघं एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करून थांबत.

वायंडरने तिथे 'तार' हे नाव घेतलं आणि तो त्या पद्धतीत असा मुरला, की जुने लोक चाट पडले. समोरच्याच्या डोक्यात शिरायचं, त्याच्या मनातला मुद्दा वेढ्यावेढ्याने उलगडायचा आणि नीट बांधून त्याच्या पुढ्यात ठेवायचा, हे त्याच्या हाताला जमत होतंच. 'तारसाहेब, आपण माझं म्हणणं माझ्यापेक्षा छान मांडलंत,' असं कुणी लिहिलं, की व्हार्निश लागलेल्या एका बोटाने तो 'आभारी आहे' लिहायचा आणि सबंध दुपार गुणगुणत काम करायचा. डॉक्टरांनी त्याच्या गुडघ्यासाठी व्यायाम पाठवले. एका वकिलाने मुलीच्या लग्नाचे फोटो दाखवले. आयुष्यात ज्याला 'ए मोटारवाले' नाहीतर 'वकील' याखेरीज कुणी हाक मारली नव्हती, त्याला दिवसभर 'आपण, आपण' ऐकायला मिळत होतं. माणूस एवढ्याने विकला जातो. त्याला हसण्यात अर्थ नाही.

त्याची बायको एका लाँड्रीत इस्त्री करायची. संध्याकाळी दोन्ही खांदे चोळत घरी यायची तेव्हा हा फोनमध्ये तोंड घालून बसलेला असे. ती काही सांगायला लागली, की हा म्हणे, "थांब जरा." एकदा तिने विचारलं, "लग्न झाल्यापासून माझी बाजू कधी आधी मांडलीत?" त्याने मान वर न करता विचारलं, "कशाबद्दल?" ती आत निघून गेली.

मग समूहात आराखडा आला.

तो टाकला 'हिरवळ' या सभासदाने. हा नगरपालिकेच्या आराखडा विभागातला तरुण अधिकारी, समूहातला सगळ्यांचा लाडका. उर्मटपणा नावालाही नाही. कुठलीही योजना कागदावर पक्की होण्याआधी तो ती समूहात ठेवायचा आणि लिहायचा, 'माझं चुकत असेल तर सांगा.' या खेपेची योजना पुलाखालच्या ओळीची होती. पत्र्याच्या खोल्या काढायच्या, तिथे पादचाऱ्यांसाठी रस्ता, झाडं, बाकं. कारागिरांना गावाबाहेर एका नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर गाळे.

वायंडरने ते वाचलं आणि हातातली तार खाली ठेवली. जळकी मोटार लोक खांद्यावरून आणतात. ती गावाबाहेर तिसऱ्या मजल्यावर कोण चढवणार? आणि वेल्डरचं तर सगळंच संपलं. तसल्या इमारतीत गॅसचं नळकांडं आणि आग कुणी आत येऊ देत नाही.

त्याने लिहिलं, की ही माझीच गल्ली आहे. समूहात हळहळ उमटली. बाईंनी मुद्दाम फोन केला. "आता तुमची खरी परीक्षा आहे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांच्या प्रश्नात दोन्ही बाजू मांडणं सोपं असतं. तुम्ही हे कसं करता त्याकडे सगळे बघताहेत." त्याला ते पटलं. पटलंच नाही, अंगावर मूठभर मांसही चढलं. रागाने दोन ओळी खरडून मोकळं व्हायला तो काय वेल्डर होता?

तर त्याने आधी हिरवळची बाजू मांडली. चांगली मांडली. हिरवळने उत्तर दिलं, 'जवळजवळ हेच. फक्त शाळेतल्या मुलांचा मुद्दा राहिला असं वाटतं.' खरंच राहिला होता. गल्लीपुढून मुलं रस्त्याच्या मधून चालतात, कारण कडेला यांचा लोखंडी पसारा असतो. त्याने ते घातलं. हिरवळने लिहिलं, 'फारच सुंदर. पण ही जागा तिथे काम करणाऱ्यांसाठीसुद्धा चांगली नाही, हे अजून उतरलेलं नाही. क्षमा असावी, मीच नीट सांगितलं नसेल.'

ते कसं उतरवायचं यावर वायंडरने दोन दिवस विचार केला, आणि मग त्याला वेल्डर आठवला.

एका दुपारी वेल्डर उपड्या बादलीवर बसून खोकत होता. खोकला थांबेना. थांबल्यावर तो डोळे पुसत म्हणाला होता, "पोरगी कितीदा म्हणते, बाबा, तुमचं दुकान दाखवा. मी अजून तिला या गल्लीत पाऊल टाकू दिलेलं नाही. हा धूर तिने बघितला ना, तर माझ्या कमाईचा घास तिच्या गळ्याखाली उतरणार नाही." आणि मग लगेच, "बघतोस काय तोंडाकडे? जा, कामाला लाग."

वायंडरने ते शब्दाला शब्द लिहिलं. 'माझ्या शेजारचा एक वेल्डर म्हणतो' असं लिहिलं आणि पुढे सगळं. लिहिताना कुठेतरी टोचलं. पण नाव कुठे घेतलंय, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. पत्र्यापलीकडून ठोकाठोकी ऐकू येत होती. उठून पलीकडे जाऊन विचारायला चार पावलं लागली असती.

हिरवळने लिहिलं, 'अगदी हेच. याहून चांगलं मला कधीच जमलं नसतं. वाचताना डोळ्यांत पाणी आलं.' त्याखाली फुलांच्या चित्रांची रांग लागली. बाईंनी लिहिलं, 'स्वतःच्या पोटावर पाय येत असताना दुसऱ्याची बाजू इतक्या प्रामाणिकपणे मांडणारा माणूस मी पाहिला नाही.' वायंडर ते पुन्हा पुन्हा वाचत बसला.

दुसऱ्या दिवशी त्याने आपली बाजू मांडली. तिसरा मजला, मोटारीचं वजन, गॅसचं नळकांडं, सगळं. पण त्याच सकाळी डॉक्टरांना नात झाली होती. दिवसभर समूहात अभिनंदनं चालली, बाळाचं नाक कुणासारखं यावर चर्चा झाली, आणि त्याची बाजू त्याखाली वाहून गेली. संध्याकाळी मुलीच्या लग्नाचे फोटो दाखवणाऱ्या वकिलाने तेवढं लिहिलं, 'तारसाहेब, तुमचं कालचं वाचल्यावर आजचं पटायला जड जातं. हे तुमचंच यश समजा.' वायंडरने लिहिलं, 'आभारी आहे.' आणि डॉक्टरांचं अभिनंदन केलं.

नगरपालिकेने हरकतींसाठी सुनावणी ठेवली. गल्लीने एकमुखाने ठरवलं, की आपल्या वतीने आपला 'वकील', म्हणजे वायंडरच बोलेल. त्या दिवशी सगळ्यांनी दुकानं बंद ठेवली. वेल्डर धुतलेला शर्ट घालून आला होता. बरोबर त्याची मुलगी होती. ती एका कचेरीत हिशेब बघायची, आणि गल्लीत नाही तरी सभागृहात यायला बापाने तिला बंदी केली नव्हती. पायऱ्या चढताना वेल्डर वायंडरच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "वकील, आयुष्यभर फुकट बोललास. आज जरा कामाचं बोल."

सभागृहात मऊ खुर्च्या होत्या. गल्लीतली माणसं त्यांच्या कडेवर टेकून बसली. बाई पुढच्या रांगेत होत्या. त्यांनी मागे वळून वायंडरला हात केला. मग एक सडपातळ तरुण बोलायला उभा राहिला, आणि दुसऱ्याच वाक्याला वायंडरने ओळखलं, की हाच हिरवळ. कारण ते वाक्य वायंडरचं होतं.

पुढचंही त्याचंच. शाळेतल्या मुलांचं, लोखंडी पसाऱ्याचं, सावलीचं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. तरुण छान बोलत होता, मनापासून बोलत होता. रेडिएटरवाला हळूच म्हणाला, "खरं बोलतोय रे हा." क्षणभर वायंडरला अभिमान वाटला. आपलं वाक्य एवढ्या मोठ्या सभागृहात पुरं होत होतं, कुणी मध्ये तोडत नव्हतं. लाज पुढच्या क्षणी आली, पण अभिमान आधी आला हेही लपवण्यात अर्थ नाही.

"याच गल्लीतला एक वेल्डर म्हणतो," तरुणाने आवाज खाली आणला, "पोरगी कितीदा म्हणते, बाबा, तुमचं दुकान दाखवा..."

त्याने ते सगळं सांगितलं. धूर, घास, गळा. सभागृहात कुणीतरी चुकचुकलं. वेल्डरची मुलगी समोर बघत होती. मग तिने मान वळवून बापाकडे बघितलं. वेल्डरने दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि तो जमिनीकडे बघत राहिला.

"हे शब्द माझे नाहीत," तरुण शेवटी म्हणाला. "गल्लीतल्याच एका सुजाण कारागिराचे आहेत. त्यांना अवघड वाटू नये म्हणून नाव घेत नाही. पण त्यांचे मनापासून आभार."

अध्यक्षांनी गल्लीच्या वतीने कोण बोलणार म्हणून विचारलं. वायंडर उठला. अशा वेळी माणसाचं तोंड सवयीच्या वाटेने जातं. "यांचं म्हणणं मला असं समजलं," तो म्हणाला आणि त्याने सुरुवात केली. हिरवळ कौतुकाने मान डोलावत होता. मधेच वायंडरला कळलं, की आपण पुन्हा त्यांचीच बाजू मांडतो आहोत, आणि तो थांबला. मग तिसऱ्या मजल्याचं बोलला, नळकांड्याचं बोलला. बोलला सगळं, पण आवाजात धग नव्हती. चांगली वाक्यं आधीच खर्च झाली होती, आणि ती समोरच्याच्या खिशात होती. अध्यक्षांनी आभार मानले. इतक्या सभ्य शब्दांत हरकत घेतलेली आपण पहिल्यांदाच ऐकली, असं म्हणाले. योजना मंजूर झाली.

बाहेर पायऱ्यांवर वेल्डर त्याची वाट बघत उभा होता. मुलगी लांब रस्त्याच्या कडेला थांबली होती.

"वकील," तो म्हणाला, "आपल्या गल्लीत वेल्डर किती?"

वायंडर म्हणाला, "नाव नव्हतं घेतलं रे मी."

"विचारलं काय मी? वेल्डर किती?"

"एक."

वेल्डरने मान हलवली आणि तो मुलीकडे गेला. एक शिवी नाही, काही नाही. वायंडर शिवीची वाट बघत बराच वेळ पायऱ्यांवर उभा राहिला.

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिने या खेपेस पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्यांची बाजू त्यांना मांडता येत होती. आपली कुणी मांडायची होती?" ती उत्तरासाठी थांबली नाही.

समूहात तोवर सण असल्यासारखं वातावरण होतं. बाईंनी लिहिलं होतं, की आज आपल्या पद्धतीचं सार्थक झालं. डॉक्टरांनी विचारलं होतं, 'तारसाहेब, एवढा वेळ उभं राहून गुडघा दुखला नाही ना?' हिरवळचा निरोप वेगळा आला होता: 'आपलं नाव मुद्दामच घेतलं नाही. राग नसावा.' वायंडरला एकदा, आयुष्यात एकदा, या सगळ्यांना आईबहिणीवरून लिहायचं होतं. बोट टेकवलं आणि 'आपण सगळे' असं लिहिलं गेलं. पुढे शिवी जोडेना. ते पुसून त्याने लिहिलं, 'माझी गल्ली गेली, आणि माझा मित्र गेला.'

थोड्या वेळाने बाईंचं उत्तर आलं. 'तुमचं दुःख आम्हा सर्वांना समजतं. पण तुम्हीच घालून दिलेला आदर्श सोडू नका. आधी निर्णयाची बाजू मांडा, मग आपण यावर अवश्य बोलू.' खाली पुन्हा फुलं.

तो समूहातून बाहेर पडला. बाहेर पडणाऱ्याबद्दल तिथे वाईट बोलत नसत. त्याच्याबद्दलही कुणी बोललं नसणार.

खोल्या पाडायला अजून महिनाभर अवकाश होता. वायंडर दुसऱ्या दिवशी दुकानात आला आणि कामाला बसला. पलीकडे ठिणग्यांचा आवाज सुरू होता. थोड्या वेळाने त्याचं पत्र्याकडे लक्ष गेलं. भोक बुजलं होतं. पलीकडून पत्र्याचा तुकडा लावून चारी कडा वितळवून बंद केल्या होत्या, नीट, एकसारख्या, वेल्डर चांगल्या गिऱ्हाईकासाठी करायचा तशा. महिन्याभरात जो पत्रा भंगारात जाणार होता, त्यावर त्याने एवढी मेहनत घेतली होती.

दुपारी दारात सावली पडली. वेल्डर पुढच्या बाजूने वळसा घालून आला होता. उंबऱ्याबाहेर उभा होता, आत पाय टाकत नव्हता.

"साहेब," तो म्हणाला, "पक्कड मिळेल का थोडा वेळ? आपली गरज नसेल तर."

नगरपालिकेची माणसं आली, की गल्ली त्यांना याच आवाजात साहेब म्हणायची. वायंडर उठला. "अरे, घे की," तो म्हणाला. "विचारतोस काय?" वेल्डरने दोन्ही हातांनी पक्कड घेतली आणि तो गेला.

वायंडर तार हातात घेऊन बसून राहिला. जावं, नेहमीसारखं ओरडत पलीकडे जावं, हरामखोरा माझी पक्कड कुठाय म्हणावं, असं त्याच्या मनात येत होतं. तो उठेपर्यंत वेल्डर पुन्हा दारात उभा होता. त्याने पक्कड चिंधीने स्वच्छ पुसून आणली होती. ती त्याने उंबऱ्यावर अलगद ठेवली.

"आभारी आहे," वेल्डर म्हणाला, आणि आपल्या कामाला गेला.